वारसा हातांत हवा

आम्ही भोर-वेल्ह्याचे डोंगरी लोक. आमचा समुद्राशीं काय संबंध, असें पुष्कळांस वाटतें. परंतु शिवछत्रपतींनीं आरमार उभारलें तेव्हां त्यांची राजधानी वेल्ह्यांतील राजगडच होती. हा अभिमान आम्ही भाषणांतून मिरवितों. पण त्या गलबतांची एक फळी जोडण्याचें ज्ञान आम्हांपैकीं कितीजणांस आहे?

अजिंठ्याच्या भिंतीवर पांचव्या शतकांतील एका शिडाच्या जहाजाचें चित्र आहे. त्यावरून गोव्यांत ‘कौंडिण्य’ जहाज बांधलें गेलें व २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें तें नौदलांत दाखल झालें. जुना आराखडा उपलब्ध नव्हता. तरीहि बाबू शंकरन् यांच्या देखरेखीखालीं केरळच्या कारागिरांनीं खिळे न वापरतां फळ्या काथ्याच्या दोरीनें हातांनीं शिवल्या व सांधे राळेनें बुजविले. चित्र भिंतीवर टिकलें होतें, पण शिवण्याची विद्या या हातांत टिकली होती. म्हणूनच जहाज पुन्हां तरंगलें.

विद्यार्थिमित्रहो, आजोबांचा रंधा माळ्यावर गंजत असेल तर तो खालीं काढा आणि त्यांच्याजवळ बसून चालवावयास शिका. पालकांसहि आमची विनंती आहे कीं, मुलाच्या तळहातास घट्टे पडलेले पाहून ‘अभ्यास बुडाला’ असें म्हणूं नये. तोहि अभ्यासच आहे.