डबा संपतो तेव्हा

पुण्याहून दिल्लीला निघालेल्या मैत्रिणींच्या गटात पहिल्या रात्री कोणालाच फारशी भूक नसते, तरी जेवण मात्र दणकून होतं. गाडीनं दौंड सोडलं की डबे उघडतात. दशम्या, लसणाची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपोळी. ‘‘अगं, घे ना थोडं,’’ असा आग्रह होतो. तरी खरं पाहता प्रत्येकजण आपलं घरच मिरवत असते. दुसऱ्या दिवशी मथुरा येईपर्यंत डब्यांचे तळ दिसू लागतात. मग दिल्ली येते आणि खरी परीक्षा सुरू होते, कारण आता विकत खायचं असतं.

विकत खाताना प्रत्येकीचं पथ्य वेगळं, सवय वेगळी आणि पर्सही वेगळी. एकीचा सोमवार, दुसरीला मधुमेह, तिसरी कांदा-लसूण न खाणारी. या तिसरीसाठी चांदणी चौकातली पराठेवाली गल्ली सोयीची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इथं पराठ्यांची दुकानं आहेत. आता मोजकीच उरली असली, तरी कांदा-लसणाविना रांधायची जुनी रीत तिथं आहे. पराठा मात्र तव्यावर भाजत नाहीत, कढईत तुपात तळतात. मधुमेहवालीनं तो एकीबरोबर अर्धा अर्धा वाटून घ्यावा हे बरं.

ताटात पराठ्याबरोबर बटाट्याची भाजी, चिंचेची गोड चटणी आणि ‘सीताफल की सब्जी’ येते. सीताफळाची भाजी? मराठी बायका एकमेकींकडे बघतच राहतात. बिया कुठे गेल्या, असंही कोणी विचारतं. घास घेतल्यावर उलगडा होतो. हा तर आपला लाल भोपळा! दिल्लीकर त्याला सीताफल म्हणतात आणि आपल्या सीताफळाला शरीफा. या एका भोपळ्यावर पाचजणी दिवसभर हसतात. डब्यातल्या कुठल्याही पदार्थानं हे केलं नव्हतं, कारण तो पदार्थ कोणातरी एकीचा होता. हा फजितीचा भोपळा सगळ्यांचा.

पण अशा गटात बहुधा एक असते, जी दर ठिकाणी म्हणते, ‘‘तुम्ही खा गं, मला भूक नाही.’’ सकाळी नाही, दुपारी नाही, संध्याकाळी नुसता चहा. बाकीच्या पोट बिघडलं असेल असं समजून ओव्याची पुडी पुढे करतात. पोटाला काहीच झालेलं नसतं. घरून मोजके पैसे घेऊन निघालेली ती खाद्यपदार्थांच्या यादीत उजवीकडचे आकडे आधी वाचत असते. ‘आज माझ्याकडून’ असं म्हणून तिचं बिल भरलं, तर पुढच्या सहलीला ती येतच नाही.

यावर जुना उपाय आहे: सामाईक वर्गणी. निघण्यापूर्वीच ठरवायची आणि जिचा हात सर्वांत आखडता, तिला झेपेल एवढीच. पैसे एकीकडे द्यायचे, बिल तिनंच भरायचं, बाकीच्यांनी ते बघायचंही नाही. कोणाला त्याहून महाग काही हवं असेल, तर तिनं मन मारावं. चार दिवसांचा तर प्रश्न!

दिल्लीपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, सोनीपत जिल्ह्यात मुरथल आहे. ट्रकवाल्यांच्या भुकेवर वाढलेले इथले ढाबे आता कुटुंबांनी भरलेले असतात. तंदुरात भाजलेला भरला पराठा, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. एरवी सगळ्यांचं झाल्यावर, तव्यावरची शेवटची गार पोळी खाणाऱ्या या बायका. इथं गरम पराठा आधी त्यांच्याच पानात पडतो. सवयीनं एखादी ताट उचलायलाही उठते, शेजारची तिला हाताला धरून खाली बसवते.

वर्गणीतून बिल भरलं जाणार हे ठाऊक असलेली ती ‘भूक नाही’वाली मान वर न करता खात असते. पराठा संपतो. ती वाढप्याला हाक मारते, ‘‘भैया, एक गोभी का और देना.’’ आणि मग मैत्रिणींकडे वळून विचारते, ‘‘अर्धा कोणाला हवाय?’’