आधी शर्ट, मग मगर!

आपल्या चॅनेलवर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न कोणता? "सर, लोगो कुठून बनवून घेऊ?" माल अजून ठरलेला नसतो, पहिलं गिऱ्हाईक मिळालेलं नसतं, पण लोगोवर पाच-दहा हजार घालायची तयारी असते. माझं मत स्पष्ट आहे: हा क्रम उलटा आहे.

लाकोस्टची हिरवी मगर तुम्ही पाहिली असेल. रेने लाकोस्ट हा फ्रान्सचा टेनिसपटू, १९२५ आणि १९२८ चा विम्बल्डन विजेता. त्या काळी खेळाडू लांब बाह्यांचे कडक शर्ट घालून खेळायचे. घाम यायचा, हात मोकळा फिरायचा नाही. याने अर्ध्या बाह्यांचा, हवा खेळती राहील असा विणलेला सुती शर्ट घातला. म्हणजे आधी स्वतःची अडचण सोडवली.

मग मगर कुठून आली? मगरीच्या कातड्याच्या सुटकेसवरून लागलेल्या पैजेची गोष्ट पत्रकारांच्या कानावर गेली आणि त्याला हे टोपणनाव पडलं. मित्र रॉबेर जॉर्ज याने मगरीचं चित्र काढून दिलं, ते ब्लेझरवर भरलं गेलं. पुढे १९३३ मध्ये त्याने धंदा सुरू केला, तोही एकट्याने नाही. होजिअरीतले जाणकार आंद्रे जिलिए यांना भागीदार घेतलं. खेळातलं ज्ञान एकाचं, कापडातलं दुसऱ्याचं.

आता दुसरी बाजू बघा. अमेरिकेत ही मगर परवान्यावर दुसऱ्या कंपनीकडे होती. १९८० च्या दशकात ती जिकडेतिकडे दिसू लागली, सवलतीत विकली जाऊ लागली आणि तिची किंमत उतरली. लोगो तोच होता बरं का! शेवटी १९९० च्या दशकात लाकोस्टने हक्क परत आपल्या हातात घेतले.

तुम्ही म्हणाल, "सर, नाव-चिन्ह नसेल तर लोक ओळखणार कसे?" नाव जरूर ठेवा. साधं लेबल छापा, फोन नंबर टाका, तेवढं पुरे. लोगोचे पैसे पहिल्या पन्नास नगांच्या दर्जावर घाला. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं, की समजा तुमची मगर जन्माला आली.

तुमचा माल गिऱ्हाइकाची नेमकी कोणती अडचण सोडवतो? एका वाक्यात कमेंटमध्ये लिहा. वाक्य जमत नसेल, तर लोगो थांबवा!