रुखवतातले आणि घरातले

लग्न ठरले की आमच्याकडे मुलगी भरतकामाला बसते. तोरणे, रुमाल, बटवे. ते रुखवतात मांडायचे, व्याह्यांनी पाहायचे आणि पुढे ट्रंकेत ठेवायचे. जे घर अजून पाहिलेले नाही त्याच्यासाठी एवढे टाके. आणि जिथे एकोणीस वर्षे जेवलो तिथे भाकरीच्या टोपलीत जुन्या परकराचा तुकडा! हे मला पटत नाही.

उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, आमच्याकडे गॅस त्यानंतर आला. चूल होती तोवर भिंतीलाही रंग टिकत नव्हता. आता टिकतो. म्हणून मी आजीच्या विरलेल्या लुगड्याचा काठ काढून मांडणीच्या फळ्यांना झालर लावली. लुगडे मध्येच विरते, काठ दणकट राहतो. नऊवारीचे दोन काठ म्हणजे अठरा वार. आमची मांडणी ती केवढी! उरलेल्याची चार पदरी फडकी शिवली, गरम भांडे उतरवायला. इथे सुतीच हवे. नायलॉन आचेने वितळून हाताला चिकटते.

"कॉलेजात जाऊन चिंध्या शिवतेस?" असे शेजारणी विचारतात. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, तेव्हा विचारणारच. (वर्गमित्र तर याला कलाच मानत नाहीत. त्यांच्यातले कितीजण स्वयंपाकघरात दहा मिनिटे बसतात, कोण जाणे!) पण शेतावरून आल्यावर आईचा सारा वेळ त्याच खोलीत जातो. तिथे पाहुणा येत नाही म्हणून ती सजवायची नाही, हा कुठला न्याय?

आई झालरीला हात लावून एवढेच म्हणाली, "मळंल की गं."

मळली तर धुवू. वरची फळी अजून उघडी आहे आणि काठ पुष्कळ उरला आहे.