नाण्याचे मोल आणि दुकानाची पत

धनत्रयोदशीच्या सायंकाळी कोल्हापूरच्या गुजरीत पाय ठेवायला जागा नसते. लक्ष्मीची छाप असलेले चांदीचे नवे नाणे मागितले की सराफ ते काट्यावर ठेवतो, शुद्धता सांगतो, पावती देतो आणि ग्राहक निश्चिंत मनाने घरी जातो. त्याच गर्दीतील एखाद्या गृहस्थाला वहीपूजनासाठी अस्सल जुनी शिवराई घ्यावीशी वाटली, तर मात्र त्याची पंचाईत होते. कोणी रस्त्यावर विकणाऱ्याकडे बोट दाखवतो, कोणी मोबाईलवरील जाहिरात पुढे करतो. नाणे खरे आहे, हे लिहून देणारा सहजी भेटत नाही.

असे लिहून देऊ शकणाऱ्या पेढ्या देशात आहेत. मुंबई, बंगळूर, अहमदाबाद येथील नाणे-लिलावाच्या संस्था वर्षानुवर्षे सचित्र सूची काढतात, प्रत्येक नाण्याचे वजन, धातू आणि टांकसाळ नोंदवतात. दुर्मीळ नाण्यासाठी लिलाव ही उत्तम पद्धत आहे. दोन जाणकार अडून बसले की मोल आपोआप ठरते. परंतु संग्रह विक्रीस येतो तेव्हा त्यात चार नाणी दुर्मीळ आणि चारशे सामान्य असतात. ती चारशे नाणी पन्नास-शंभरांच्या ढिगाने बोलीला लावली जातात आणि बहुधा व्यापारीच ती उचलतात. एक नाणे हवे असणारा मनुष्य त्या दालनात शिरतच नाही. किरकोळ विक्री वाढवू पाहणाऱ्या पेढीचे खरे भांडवल याच ढिगात पडलेले असते.

शिवाय तिला दुसरीकडे पाहण्याची फारशी सोयही नाही. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. ते खाजगी व्यापाऱ्याला परदेशी पाठवता येत नाही, आणि त्याच्या व्यापारास परवाना लागतो. तेव्हा गिऱ्हाईक वाढायचे ते येथल्याच घरांतून.

कोल्हापुरात ते शिवराईपासून वाढेल. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेला हा तांब्याचा पैसा पाहिला की येथील माणसाचा हात आपसूक कपाळाकडे जातो. पण नेमकी येथेच विक्रेत्याची कसोटी लागते. शिवराई महाराजांच्या काळानंतरही दीर्घकाळ पाडली जात होती. पेशवाईतील दुदांडी शिवराई तर ढिगाने मिळते. ग्राहकाला वाटते की हाती आलेला प्रत्येक पैसा रायगडाच्या काळातलाच. विक्रेता गप्प राहिला तर त्या दिवशी चार पैसे अधिक सुटतात. पुढे कोणी जाणकार ते नाणे पाहून ‘हे नंतरचे’ असे म्हणतो आणि ते गिऱ्हाईक, त्याचे भाऊबंद व शेजारी असे सारेच तुटतात. याउलट ‘हे पेशवाईतले आहे, म्हणून स्वस्त आहे, महाराजांच्या काळातले हवे असेल तर त्याची किंमत ही’ असे जो सांगेल, त्याच्याकडे तोच मनुष्य दुसऱ्या नाण्यासाठी येईल. सोन्याचा शिवकालीन होन अत्यंत दुर्मीळ आहे. स्वस्तातला होन दाखवणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा.

जैन व्यापाऱ्याला हा विचार नवा नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत अस्सल म्हणून नक्कल खपवणे आणि चोरीचा माल घेणे, हे दोन्ही गणले आहेत. नाण्यांच्या धंद्यातले मुख्य धोके नेमके हेच. दिल्लीच्या टांकसाळीत काम केलेल्या ठक्कुर फेरू या जैन पंडिताने १३१८ मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ रचला. नाना राज्यांच्या नाण्यांचे वजन, त्यांतील धातूचे प्रमाण आणि त्यांचे मोल त्याने त्यात नोंदवले. टांकसाळीतील गुपित म्हणून मिरवता आले असते ते ज्ञान त्याने आपल्या मुलासाठी व भावासाठी लिहून ठेवले. आजच्या पेढीने तेच काम ग्राहकासाठी आणि मराठीत करावे. नाण्यासोबत एक लहानसे पत्रक असावे. त्यावर दोन्ही बाजूंची छायाचित्रे, ग्रॅममधील वजन, काळ, लेखाचे वाचन आणि ‘नक्कल सिद्ध झाल्यास पूर्ण रक्कम परत’ हे वाक्य सहीशिक्क्यासह हवे. सध्याच्या सूची बहुतांशी इंग्रजीत असतात, आणि गुजरीत उभ्या असलेल्या आजीला त्यांचा काही उपयोग नाही.

सराफाकडून शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे मोड. दागिना अडीअडचणीला परत घेतला जाईल या भरवशावरच घराघरांत सोने घेतले जाते. जुन्या नाण्याच्या ग्राहकाला असा भरवसा नसतो. घेताना हजार आणि विकताना शंभर, हा अनुभव घेऊन अनेकांनी हा नाद सोडला आहे. आपल्याच पावतीवर, आपल्याच पत्रकासह आलेले नाणे अमुक टक्के वजा करून परत घेऊ, असे जी पेढी छापून देईल तिला जाहिरातीवर फार खर्च करावा लागणार नाही. पहिल्या वर्षी यात पैसा अडकेल, हे खरे. म्हणून आरंभ स्वस्त नाण्यांपासूनच करावा.

आणि विक्रीइतकीच खरेदी महत्त्वाची. अनेक घरांत देवघराच्या डब्यात राणीछाप रुपये असतात. पैशाची गरज पडली की ते चांदीच्या भावाने जातात आणि मुशीत वितळतात. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयांवर १८७४ पर्यंत १८६२ हेच साल राहिले. मुंबई टांकसाळीने खरे वर्ष ओळखण्यासाठी बारीक ठिपक्यांची खूण ठेवली. त्या ठिपक्यांच्या संख्येवरून एका रुपयाचे मोल दुसऱ्याच्या अनेकपट होऊ शकते. १९३९ सालचा रुपया तर इतका दुर्मीळ की त्याच्या नकलाच अधिक फिरतात. महिन्यातील एका रविवारी कोल्हापुरात येऊन घरची नाणी विनामूल्य पाहून देणारी पेढी हे धन मुशीतून वाचवील आणि तिला विकण्यास मालही मिळेल. येणाऱ्यांना एवढे आधी कळवावे, की नाणी चिंच लावून घासू नयेत. चकाकी येते, पण शतकांची झिलई जाते आणि मोल उतरते.

याच रविवारी फसवणुकीविषयीही बोलता येईल. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीसाठी आपले नाव वापरून लोकांकडून शुल्क उकळले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. आधी पैसे भरा, मग तुमचे नाणे लाखाला घेऊ, असे कोणी म्हटले की फोन ठेवावा.

एक मर्यादा मात्र पाळावीच लागेल. कोल्हापूर हे जुन्या वस्तीचे गाव आहे. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर धनुष्यबाणाची छाप असलेली, ‘कुर’ अंती येणाऱ्या राजनामांची शिशाची नाणी एकोणिसाव्या शतकातच सापडली. १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले. आजही पाया खणताना मातीत नाणी निघू शकतात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार, दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. त्यामुळे रविवारच्या टेबलावर कोणी मातीने माखलेली नाणी ओतली, तर पेढीने भाव सांगण्याआधी ती कोठून आली हे विचारावे, उत्तर नोंदवहीत लिहावे आणि शेतातली असतील तर आणणाऱ्याला जिल्हाधिकारी कार्यालयाचा रस्ता दाखवावा.