पावसाळ्यात जिरॅनियम कसं जगवाल?

मैत्रिणींनो, "थंडीत आणलेलं जिरॅनियम जुलै आला की हमखास सडतं. माझा हातच वाईट का?" असं एका भगिनीनं विचारलं आहे. हात वाईट नसतो हो! मी स्वतः हे रोप एकदा घालवून बसले आहे, म्हणून आज जरा सविस्तर.

लग्नानंतर ह्यांच्या बदलीच्या गावी निघालो, तेव्हा सासूबाईंनी आपल्या लाल जिरॅनियमची कुंडी माझ्या हाती दिली. "जप हो," एवढंच म्हणाल्या. मी जपलं ते असं, की रोज दोन वेळा तांब्याभर पाणी! त्यात आषाढात कुंडी पागोळ्यांखाली राहिली. आठ दिवसांत बुंधा काळा पडून मऊ झाला. दिवाळीला सासूबाई यायच्या होत्या. मला तर रडूच कोसळलं.

शेजारच्या वहिनींनी फाल्गुनात माझ्याकडून एक फांदी नेली होती. तिचं छान रोप झालं होतं. त्याचीच फांदी त्यांनी मला परत दिली. सासूबाईंना मी खरं ते सांगून टाकलं. त्या हसून म्हणाल्या, "अगं, माझंही दोनदा गेलंय. म्हणून तर मी फांद्या वाटते!"

आता हे असं का होतं, ते पाहू. हिमालयात थंडीला दाद न देणारी रानटी जिरॅनियम असतात, ती वेगळी. आपलं कुंडीतलं हे त्यांचं चुलत भावंड, मूळ दक्षिण आफ्रिकेचं. शास्त्रज्ञांनी १७८९ साली त्याला पेलार्गोनियम असं वेगळं नाव दिलं, पण जुनं नाव काही सुटलं नाही. त्याचे दांडे मांसल असतात, पाणी साठवतात. त्यामुळे थोडी तहान ते सोसतं, पण चिखल सोसत नाही.

म्हणून एवढं करा:

माती : बागेची माती, जाड वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत सारखं घ्या. नुसती काळी माती नको. कुंडीच्या भोकावर खापरी ठेवा.

पाणी : बोटाचं पेर मातीत घालून पाहा. कोरडं लागलं तरच पाणी घाला, तेही पानांवर न शिंपडता.

ऊन : थंडीत चार-पाच तास ऊन हवं, नाहीतर फूल नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र दुपारची सावली द्या.

पावसाळा : पहिल्या सरीआधीच कुंडी छपराखाली, उजेडाच्या जागी न्या. खाली दोन विटा ठेवा, बशी काढून टाका. खत बंद. पिवळी पानं लगेच खुडा.

फुलं : सुकलेला गुच्छ दांड्यासकट मोडा. शेंडे खुडले की रोप भरदार होतं. शेणखताचा मात्र मारा नको, नुसती पानंच माजतात.

कलम : ऑक्टोबर ते फेब्रुवारीत चार बोटं लांबीची फांदी पेराखाली कापा. खालची पानं काढून काप दिवसभर सावलीत सुकू द्या, मग ओलसर वाळूत खोचा. वर प्लॅस्टिक झाकू नका, कुजते. महिन्याभरात मुळं धरतात.

आणि दोन फांद्या शेजारी जरूर द्या. आपलं रोप गेलं, तरी त्यांच्या खिडकीत ते राहतंच. माझ्या गॅलरीत आज फुललंय ते सासूबाईंचंच, वहिनींच्या घरून परत आलेलं.