मैदान नुसते मोकळे असून भागत नाही

भूकंप झाला की घराबाहेर पडा, मोकळ्या जागेत जा, हे आपण शाळेतच शिकलो. पण दाट वस्तीत ती मोकळी जागा कुठे आहे? मी राहतो त्या गल्लीत एक रिक्षा जेमतेम जाते आणि दोन्ही बाजूंना उंच इमारती आहेत.

धोका दूरचा नाही. १९६७ मध्ये कोयना आणि १९९३ मध्ये किल्लारी आपण पाहिले. २००१ मध्ये भूकंप कच्छमध्ये झाला, तरी दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या.

आपल्या शहरांत मोठी हिरवी जागा उरली आहे ती बहुधा विद्यापीठे आणि महाविद्यालयांकडे. पुणे विद्यापीठाचाच परिसर सुमारे ४०० एकरांचा आहे. मात्र जागा मोकळी आहे एवढ्याने भागत नाही.

१ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियोत भूकंप झाला तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ होती, चुली पेटलेल्या होत्या. शहरभर आगी लागल्या. होंजो भागातल्या एका मोकळ्या पटांगणावर लोक बिछाने, सामान घेऊन जमले. आगीचे वादळ तिथे शिरले, सामान पेटले आणि सुमारे ३८,००० माणसे जळून मेली. त्याच शहरातल्या कियोसुमी बागेत मात्र झाडे आणि तळे यांच्या आसऱ्याने हजारो लोक वाचले. पुढे जपानने उद्यानांचे नियोजनच बदलले. आज तिथल्या अनेक उद्यानांत जमिनीखाली पाण्याच्या टाक्या असतात, बाकांच्या चुली करता येतात आणि मॅनहोलवर तात्पुरती शौचालये उभी राहतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे बॅकअप घेतला, पण तो परत चालतो की नाही हे तपासले नाही, तर त्याला बॅकअप म्हणत नाहीत. कॅम्पसचेही तसेच आहे. मी शिकलो त्या कॉलेजच्या अर्ध्या मैदानावर आता पार्किंग आहे आणि वस्तीकडचे फाटक कायम कुलूपबंद असते. भूकंपाच्या रात्री त्या कुलपाची किल्ली कुणाकडे असेल?

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक कॅम्पसमध्ये इमारतींपासून पुरेसे दूर एक मैदान राखून ठेवावे. त्याच्या कडेने दाट, सदाहरित झाडांचा पट्टा लावावा. विजेशिवाय चालणारा हातपंप, शौचालयाची सोय आणि व्हीलचेअर जाईल एवढी वाट असावी. वस्तीच्या बाजूची फाटके उघडण्याची जबाबदारी नावानिशी ठरवावी. वर्षातून एकदा राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी आसपासच्या रहिवाशांना सोबत घेऊन सराव करावा. यातले बरेचसे काम नव्या बांधकामाशिवाय होण्यासारखे आहे.

वाचकांनो, या रविवारी घरातल्या ज्येष्ठांना आणि मुलांना घेऊन जवळच्या कॅम्पसपर्यंत चालत जा. किती वेळ लागतो ते मोजा. फाटक बंद दिसले, तर सोमवारी प्राचार्यांना आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला पत्र लिहा. त्या मैदानावर पुढची इमारत उभी राहण्याआधी हे पत्र पोहोचायला हवे.