पुस्तक संपल्यावर आलेली गोष्ट

गेल्या महिन्यात एक पालक वर्गाच्या दारात उभे. हातात मुलाने शाळेच्या ग्रंथालयातून नेलेलं मराठी हॅरी पॉटर. "मॅडम, यातले म्हातारे हेडमास्तर समलिंगी आहेत म्हणे. मग मुलांना हे कशाला?"

"भाई, कोणत्या पानावर आहे?" मी विचारलं. पान नव्हतंच. सातवा, शेवटचा भाग जुलै २००७ मध्ये आला. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, डम्बलडोर कधी प्रेमात पडले होते का? तेव्हा लेखिका जे. के. रोलिंग यांनी हे सांगितलं. पुस्तकात आहे ती तरुणपणी ग्रिंडेलवाल्डशी जमलेली दोन महिन्यांची दाट मैत्री आणि त्यापायी जन्मभराचा पस्तावा.

मला बाईंचं हे पटलेलं नाही. सांगायचं होतं तर पुस्तकातच लिहायचं. पेपर जमा केल्यावर पुरवणी जोडता येत नाही. पण ती मैत्री पुन्हा वाचली तर खुलाशाला तिथे जागा दिसते, हेही खरं.

"मुलगा काय म्हणतो?" मी विचारलं.

"तोच तर घोळ आहे. म्हणतो, अब्बा, पण ते माणूस म्हणून चांगलेच होते ना?"

मला चटकन काही सुचलं नाही. भाईंनी पुस्तक परत पिशवीत ठेवलं.